खोडायचं नाही : टॉवेल कारखान्यासाठी डेटाबेस निवडतानाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात पहिली बैठक झाली. ३६ माग, दोन पाळ्या. टेरी टॉवेल, नॅपकिन आणि थोड्या जेकार्ड चादरी. माल इथं विणला जातो, शिलाई-पॅकिंग होऊन अशोक चौकाजवळच्या गोदामात जातो आणि विक्री नव्या पेठेतल्या पेढीवरून चालते. जागा तीन, वह्याही तीन.

मालकांनी बोलावण्याचं कारण थोडक्यात सांगितलं. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, ३० बाय ६० मरून किती डझन तयार आहे? कारखान्यातून उत्तर गेलं ६०, गोदामातून ४२, पेढीवरून "संपलाय". व्यापाऱ्यानं माल दुसरीकडून उचलला.

मालकांचा मुलगा इंजिनिअर आहे. त्याच्या मनात नोएसक्यूएलच, म्हणजे नेहमीच्या तक्त्यांऐवजी वेगळ्या रीतीनं माहिती ठेवणारा डेटाबेसच, घ्यायचं पक्कं आहे. कुठलं, ते मी सांगायचं. मी एवढंच म्हटलं की हे एका वस्तूचं नाव नाही. १९९८ मध्ये कार्लो स्ट्रोझी यांनी हा शब्द स्वतःच्या एका डेटाबेससाठी वापरला, आणि तो डेटाबेस तर रिलेशनल, म्हणजे तक्त्यांचाच होता. आजचा अर्थ आला २००९ नंतर. त्या एका पिशवीत आता निदान चार जातींची सिस्टिम आहे : कागदपत्रासारखी नोंद ठेवणारी, किल्ली देऊन किंमत काढणारी, रुंद रांगांची आणि नात्यांच्या जाळ्याची. आंबा, चिंच आणि नारळ यांना "झाड" म्हटलं तरी फळ वेगळंच येणार. मुदत दोन महिन्यांची ठरली. आधी तुलना, मग १२ मागांवर चाचणी.

४ डिसेंबर, बुधवार

रात्रपाळीला जाऊन बसले. जॉबरनं, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या कारागिरानं, स्वागत केलं, "जेवलाव का, मॅडम?" आणि हो म्हणेपर्यंत डबा उघडला : कडक भाकरी, शेंगाचटणी.

मला बघायची होती ती त्यांची वही. पंचवीस वर्षं ते ती लिहितात. मागांच्या दोन रांगांमधल्या खांबाला लटकवलेली, पेन्सिल सुतानं बांधलेली, पानांवर कापसाचं तूस. पान उलटण्याआधी ते त्यावरून मनगट फिरवतात, इतक्या सवयीनं की त्यांना ते कळतही नसावं. एक ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली : "१४ – बीम संपला – २.१० ते ४.४०". बस्स. माग, कारण (बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ), वेळ. सूत नसल्यानं माग उभा राहिला तर मालक विणकराला ठरलेली भरपाई देतात, त्यामुळे या ओळीत कुणाच्या तरी घरचा पैसा आहे. हे आज कळलं ते बरं झालं, नाहीतर मी याला "मशीन डेटा" म्हणून मोकळी झाले असते.

परतताना हिशेब मांडला. सगळे माग, शिलाई, पॅकिंग आणि आवक-जावक धरून दिवसाला फार तर ७०० नोंदी. वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. एक नोंद अर्धा केबी धरली तरी वर्षाचे सव्वाशे-दीडशे एमबी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. पुढं कुणी "स्केल", म्हणजे माहिती प्रचंड वाढेल, असं म्हटलं की तो दाखवायचा.

९ डिसेंबर, सोमवार

सुरुवात मालाच्या यादीपासून केली, कारण तिथं रिलेशनल तक्ता खरोखर अवघडतो. टॉवेलला जीएसएम (चौरस मीटरमागे वजन), पाइल (वरचे सुताचे फासे) आणि बॉर्डर लागते. चादरीला जेकार्डचा डिझाइन नंबर, रंगांची संख्या आणि वजन. हॉटेलच्या ऑर्डरला कडेला विणलेलं नाव. सगळं एका तक्त्यात घातलं तर निम्म्या चौकटी रिकाम्या राहतात. प्रत्येक प्रकाराला वेगळा तक्ता केला तर नवा प्रकार आला की पुन्हा आमच्याकडे धाव.

मोंगोडीबीमध्ये हे काम तासाभरात झालं. प्रत्येक वस्तू म्हणजे एक डॉक्युमेंट, आपापल्या रकान्यांसह. २००९ मध्ये आलेली ही सिस्टिम इतकी पसरली, त्यात याच सोयीचा मोठा वाटा आहे. एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे, पण आमची दोन-तीन केबीपुढं जात नाहीत.

दुपारी अडचण दिसली. गोदामातल्या मुलाला ४० वस्तू भरायला दिल्या होत्या. चादरींच्या एकूण वजनाची बेरीज काढली तर ती कमी येत होती. प्रत्येक डॉक्युमेंट उघडून बघितलं. ११ ठिकाणी वजन "५.२ किलो" असं मजकूर म्हणून भरलेलं, फोनच्या मराठी कीबोर्डवरून, मराठी आकड्यांत. मोंगोडीबी बेरीज करताना आकडा नसलेली किंमत वगळून पुढं जातो. तक्रार नाही, इशारा नाही. त्या पोरानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. मीच त्याला कसंही लिहिता येईल असा कागद दिला होता.

यावर उपाय आहे. आवृत्ती ३.२ पासून डॉक्युमेंटचा साचा तपासण्याची सोय आली आहे. तो नियम लावला, वजन आकड्यातच घ्यायचं असं ठरवलं आणि ११ नोंदी दुरुस्त केल्या. पण "स्कीमा (म्हणजे ठरलेला साचा) लागत नाही" हे जे वाक्य विक्रीच्या पत्रकात असतं, ते मी मालकांच्या मुलापुढं म्हणणार नाही. स्कीमा लागतोच. तो डेटाबेसनं सांभाळायचा की आपण, एवढाच प्रश्न असतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज मोंगोडीबीच. काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, हा खरा विचार. बिलावरचा पार्टीचा पत्ता बिलाच्या डॉक्युमेंटमध्येच हवा, कारण पार्टीनं दुकान हलवलं तरी जुन्या बिलावर जुनाच पत्ता राहायला हवा. फोन नंबर मात्र एकाच जागी हवा, नाहीतर बदलताना तीनशे ठिकाणी बदलावा लागेल. नवीन माणूस इथंच गडबडतो.

एकाच वेळी अनेक डॉक्युमेंट्समध्ये "सगळं होईल किंवा काहीच नाही" असा व्यवहार आवृत्ती ४.० पासून करता येतो, म्हणजे २०१८ पासून. त्याआधीच्या लेखांवर विसंबून "पैशाच्या कामाला चालत नाही" म्हणणं आता बरोबर नाही. २०२१ च्या ५.० पासून बहुसंख्य नोड्सवर, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या मशीनवर, नोंद पोचल्यावरच लिहिणं पूर्ण झालं असं धरलं जातं, हेही चांगलं. परवान्याची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१८ पासून तो एसएसपीएल नावाचा आहे. डेटाबेसच सेवा म्हणून विकणाऱ्यांवर त्यानं बंधनं येतात, टॉवेल विकणाऱ्यावर नाही. मालकांच्या वकिलांना हे सांगून झालं.

१७ डिसेंबर, मंगळवार

कॅसँड्रा. फेसबुकमध्ये इनबॉक्स शोधण्यासाठी अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी लिहिलेली, २००८ मध्ये खुली झालेली. लक्ष्मण हे त्याआधी अॅमेझॉनच्या डायनॅमो या डेटाबेसवरच्या २००७ मधल्या निबंधाच्या लेखकांपैकी एक. कुठलाही नोड मुख्य नाही, कुठल्याही नोडवर लिहा, किती नोड्सनी होकार द्यायचा ते दर वेळी ठरवा. या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण तिथं आधी प्रश्न आणि मग तक्ता. "या मागाचा या महिन्याचा इतिहास" यासाठी माग आणि महिना मिळून विभागाची किल्ली केली, वेळेनुसार ओळी लावल्या. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग मालकीणबाईंनी सहज विचारलं, "परवा सुताअभावी कोणकोणते माग बंद होते?" त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तोच. कॅसँड्राच्या दृष्टीनं मात्र वेगळा, कारण किल्ली माग आहे आणि प्रश्न कारणाचा. म्हणजे हीच माहिती दुसऱ्या तक्त्यात पुन्हा लिहायची, नाहीतर सगळं चाळायला लावायचं. पेढीवर दिवसाला असे दहा नवे प्रश्न सुचतात, आणि ते सुचावेत म्हणूनच तर हा खटाटोप. पुसलेल्या नोंदीची खूण मुळात दहा दिवस ठेवली जाते, तोवर सगळे नोड्स दुरुस्त करून घ्यायचे, किमान तीन मशीन सांभाळायची. दिवसाच्या ७०० नोंदींसाठी हे म्हणजे हातरुमालाला बीम भरणं. बाद.

२० डिसेंबर, शुक्रवार

उरलेले भराभर. रेडिस हा २००९ मधला, साल्वातोरे सानफिलिप्पो यांचा. सगळं मेमरीत ठेवतो, त्यामुळे वेग अफाट. टिकवण्यासाठी नोंदवही चालू केली तर ती सहसा दर सेकंदाला डिस्कवर जाते, म्हणजे वीज गेली तर सेकंदभराचं काम जाऊ शकतं. आमच्या एमआयडीसीत वीज कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. दररोजच्या भावाचा फलक दाखवायला उत्तम, मूळ नोंदीला नाही. मार्च २०२४ मध्ये त्याचा परवाना बदलला आणि लिनक्स फाउंडेशनच्या छायेखाली व्हॅल्की नावाची खुली शाखा निघाली. पुढंमागं लागलाच तर ती घेऊ.

डायनॅमोडीबी ही अॅमेझॉनची सेवा, मुंबईतून मिळते आणि देखभाल शून्य, पण सगळं इंटरनेटपलीकडे. निओफोरजे हा नात्यांच्या जाळ्याचा डेटाबेस दलाल आणि पार्टी यांचं जाळं शोधायला सुंदर आहे. आमचे दलाल मात्र नऊ आहेत आणि मालकांना ते तोंडपाठ आहेत.

आजच्या तारखेला कल मोंगोडीबीकडे. सर्व्हर भाड्यानं घेतलेला, पुण्या-मुंबईकडचा. १२ मागांवर टॅबलेट सोमवारपासून. जॉबरना सांगितलं की वहीत आणि टॅबलेटमध्ये दोनदा लिहू नका, कंटाळा येईल, टॅबलेटच वापरा.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल रात्री दीड वाजता नेट गेलं. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असं सकाळी कळलं. सात वाजता परत आलं. मधल्या वेळेतल्या १९ नोंदी गेल्या.

कशा गेल्या तेही लिहून ठेवते. जॉबरनी माग ९ ची नोंद भरली, जतनचं बटण दाबलं, लाल पट्टी आली. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. त्यांना वाटलं टॅबलेट अडकला, म्हणून पान परत उघडलं, आणि भरलेलं सगळं कोरं झालं. असं रात्रभर. त्यांनी प्रत्येक नोंद दोनदा-तीनदा भरली. वही हाताशी होती, पण मीच तिच्यात लिहू नका म्हटलं होतं.

चूक माझी आहे. मोंगोडीबीची नाही, नेट पुरवणाऱ्याचीही नाही. सकाळी मालकांनी जॉबरना समोर बसवून आठवेल तशी भरपाई लिहून घेतली. तीन विणकरांचं म्हणणं पडलं की त्यांचा वेळ कमी धरला गेला. खरं काय, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

जॉबर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, वही कधी नेट नाही म्हणत नाही."

तीन आठवडे मी वेग, किल्ल्या आणि परवाने तपासत होते. पहिला प्रश्न विचारलाच नव्हता : नोंद पहिल्यांदा कुठं टेकते? खांबाजवळ की पुण्याजवळ?

२८ डिसेंबर, शनिवार

एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेली आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेली गोष्ट आज कारखान्याच्या भाषेत मालकांना सांगितली. दोन जागांमधली तार तुटली की दोनच वाटा. एक, तार जोडेपर्यंत लिहिणं थांबवायचं, म्हणजे चूक होणार नाही पण काम अडेल. दुसरी, दोन्हीकडे लिहू द्यायचं, म्हणजे काम चालेल पण तोवर दोन वह्यांत दोन गोष्टी असतील. तार तुटणारच नाही, ही तिसरी वाट नाही.

मालक क्षणभरही थांबले नाहीत. "माग थांबवता येत नाही. बिल थांबवता येतं."

हे वाक्य मी अहवालात घेणार आहे. एकाच धंद्यातल्या दोन नोंदींना दोन वेगळी उत्तरं असू शकतात, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

काउचडीबी लावला. डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेला. ते आधी लोटस नोट्सवर काम करत होते आणि प्रती जुळवण्याची कल्पना तिथूनच आलेली. आतून अर्लँग, म्हणजे एरिक्सननं टेलिफोन एक्सचेंजसाठी घडवलेली भाषा. बोलायचं वेबच्या साध्या एचटीटीपीनं, उत्तर जेसन या वाचता येणाऱ्या मजकुराच्या साच्यात. सोबत टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये पाउचडीबी. तो नोंद आधी टॅबलेटमध्येच ठेवतो आणि वाट मिळेल तेव्हा काउचडीबीशी जुळवून घेतो. हा नवा नाही, त्यामुळे याचा फारसा गाजावाजा नाही. वेगाच्या तुलनेत तो वरच्या ओळीत दिसणारही नाही.

टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाकून २०० नोंदी भरल्या. मध्येच बंद केला, चालू केला, पान तीनदा परत उघडलं. नोंदी जागच्या जागी. कारखान्यातल्या छोट्या मशीनवर काउचडीबी ठेवला, वाय-फाय जोडलं, २०० च्या २०० पोचल्या. मग कारखान्याचं मशीन पेढीच्या मशीनशी जुळवलं. मधली केबल हातानं काढली, अर्ध्या तासानं लावली. राहिलेलं आपोआप पुढं गेलं. टॅबलेटची जागा भरत आली तर ब्राउझर स्वतःहून साठा पुसू शकतो, म्हणून कायमच्या साठ्याची परवानगी मागून घेतली आहे. हे विसरलं तर २६ तारीख पुन्हा येईल.

६ जानेवारी, सोमवार

आनंद चार दिवस टिकला. शिल्लक मालाचं एक डॉक्युमेंट केलं होतं : मरून, ३० बाय ६०, ४० डझन. तार काढून ठेवली. गोदामानं १२ विकले, डॉक्युमेंटमध्ये २८ केले. पेढीनं १५ विकले, तिथं २५ झाले. तार जोडली. दोन्हीकडे २५ दिसू लागलं.

खरं उत्तर १३.

कुठंही चूक दाखवली गेली नाही. एकाच सर्व्हरवर जुन्या प्रतीवर लिहायला गेलं तर काउचडीबी ४०९ हा चुकीचा क्रमांक दाखवून नकार देतो. पण दोन ठिकाणी वेगवेगळं लिहून नंतर जुळवलं तर तो दोन्ही प्रती ठेवतो आणि एक "जिंकलेली" म्हणून पुढं करतो. जिंकते ती जास्त वेळा बदललेली, बरोबरी असेल तर आवृत्ती-क्रमांकाच्या अक्षरक्रमानं. अलीकडची कोणती, खरी कोणती, याच्याशी संबंध नाही. सगळीकडे एकच उत्तर यावं एवढंच त्यात बघितलेलं आहे. हरलेली प्रत पुसली जात नाही, पण मुद्दाम मागितल्याशिवाय दिसत नाही.

याच्यावर २५ डझनचं आश्वासन हैदराबादला गेलं असतं तर?

८ जानेवारी, बुधवार

पेढीवरचे दिवाणजी काका ३४ वर्षं हिशेब लिहितात. मी गोदामाच्या पोराला ही ४०-२८-२५ ची भानगड समजावत होते. काका चष्म्यावरून बघत होते. मग म्हणाले, "शिल्लक लिहिता कशाला? शिल्लक लिहायची नसते, काढायची असते."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी जुनी कीर्द काढली, लाल कापडी बांधणीची. कीर्दीत रोजचा व्यवहार घडला तसा ओळीनं. त्यावरून खतावणीत खात्यानं खातं. कीर्दीत चूक झाली तर? काकांनी बोट ठेवलं त्या जागी मार्चमधली एक नोंद होती, १२ च्या जागी २१ डझन. तीन दिवसांनी खाली : "मागील नोंद उलट, जमा २१" आणि त्याखाली "नावे १२". मूळ ओळ तशीच, स्वच्छ, वाचता येण्यासारखी. "खोडायचं नाही. खोडलं की उद्या मलाच माझ्यावर विश्वास राहणार नाही."

घरी येऊन रात्री सगळी रचना मोडली. आता एकही डॉक्युमेंट दुरुस्त करायचं नाही. प्रत्येक डॉक्युमेंट म्हणजे एक हालचाल : कुठून कुठं, कोणती वस्तू, किती, कुणी, केव्हा. त्याचा क्रमांक टॅबलेटचं नाव, वेळ आणि पुढं यादृच्छिक अक्षरं मिळून, म्हणजे दोन टॅबलेट कधीच एका क्रमांकावर लिहिणार नाहीत. दोघं एकाच कागदावर लिहीत नसतील तर भांडण कशावर होणार? चूक झाली तर उलटी नोंद. ही झाली कीर्द. खतावणीसाठी काउचडीबीचा व्ह्यू : प्रत्येक नोंदीतून वस्तू आणि जागा काढायची, आकडा अधिक किंवा उणे, शेवटी बेरीज. नवीन नोंदी आल्या की तेवढ्याच मिळवल्या जातात, सगळं पहिल्यापासून मोजलं जात नाही.

तीच चाचणी पुन्हा केली. तार काढली. १२ विकले, १५ विकले. तार जोडली. १३.

काकांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "तेराच येणार की."

१० जानेवारी, शुक्रवार

तरी एक प्रश्न उरतोच. तार तुटलेली असताना पेढीनं ३० आणि गोदामानं २० विकले तर बेरीज उणे १० येईल. हिशेब बरोबर, माल नाही. हे कुठल्याही डेटाबेसनं सुटणार नाही, कारण तेव्हा दोघांना एकमेकांचं दिसतच नाही. मालकांनी धंद्याचा नियम केला : माल सोडायचा अधिकार गोदामाचा. पेढी मागणी नोंदवेल, आणि प्रत्येक मालातला एक ठरलेला वाटा तिच्या नावे राहील, तेवढ्यापुरतं ती लगेच हो म्हणू शकेल. वाटा दर सोमवारी काका ठरवतील.

१५ जानेवारी, बुधवार

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. अक्षता सोहळ्याला सात नंदीध्वज निघाले तेव्हा कारखाना बंद होता आणि मीही कुटुंबासह गर्दीत होते. होम मैदानावर या कारखान्याचा किरकोळ विक्रीचा स्टॉल असतो. तिथं टॅबलेट द्यायचा हट्ट माझा. संध्याकाळी सहानंतर गर्दीत फोनही लागत नाही, म्हणजे याहून चांगली परीक्षा कुठली?

दिवसभरात २१२ विक्री-नोंदी. स्टॉलवर एकदाही नेटवर्क मिळालं नाही. पोरगी हातानं नॅपकिनचं पाकीट उचलायची, अंगठ्यानं नोंद करायची, गिऱ्हाइकाला थांबावं लागलं नाही. रात्री अकराला टॅबलेट पेढीवर आणला. वाय-फायला लागला आणि पडद्यावर आकडा चढू लागला : ३०, ९०, १६०, २१२. मी आणि काका दोघं उभं राहून बघत होतो.

रोख मोजली तर नोंदीपेक्षा बरीच कमी. काळजात धस्स झालं. शोधलं तेव्हा एक नॅपकिन नगाऐवजी डझन म्हणून लागला होता. काकांनी स्वतः टॅबलेट घेतला आणि उलटी नोंद केली. रोख जुळली.

२१ जानेवारी, मंगळवार

बिलं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांच्या आत, आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. तार तुटलेल्या चार टॅबलेटांना एकच सलग क्रम देता येत नाही. स्वतंत्र मालिका चालतात, पण मालकांचं वाक्य होतंच : बिल थांबवता येतं. म्हणून बिलं आणि खाती पेढीवरच्या एका मशीनवर, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये. जुना, शिस्तीचा, रिलेशनल. गोदामानं माल सोडल्याची नोंद काउचडीबीतून तिथं येईल आणि बिल तिथंच फाटेल.

मग मालाची यादी? ९ डिसेंबरला मोंगोडीबीनं तासाभरात सोडवलेलं काम पोस्टग्रेसक्यूएलच्या जेसनबी रकान्यातही, म्हणजे हवे तसे गुण ठेवता येणाऱ्या रकान्यातही होतं. ही सोय ९.४ पासून, २०१४ च्या अखेरीपासून आहे. करून बघितलं. नाव, माप आणि भाव पक्क्या रकान्यांत, बाकीचे गुण जेसनबीत, त्यावर इंडेक्स. शोध पुरेसा जलद. मोंगोडीबीत मला दोष सापडला नाही. माणसं मोजली म्हणून मी तो सोडते आहे. इथं सिस्टिम बघायला एक मुलगा आहे, तोही दुपारनंतर शिलाईचा हिशेब बघतो. त्याला दोन सिस्टिम नीट शिकवता येतील, तीन नाही.

मालकांच्या मुलाला हे पटायला वेळ लागला. "म्हणजे अर्धं जुनंच?" हो, अर्धं जुनंच. त्यानं नंतर स्वतः जेसनबीवर दहा प्रश्न लिहून बघितले आणि दोन चुका मला दाखवल्या. आता तो माझ्या बाजूचा आहे.

२७ जानेवारी, सोमवार

सुरक्षेचा दिवस. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पासवर्डाविना उघडे सापडले आणि खंडणीखोरांनी ते पुसले. काउचडीबीतही आवृत्ती ३.० पर्यंत मुळातून सगळेच अॅडमिन असत. आता पासवर्ड दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही. आमचं मशीन बाहेरच्या नेटवर थेट उघडं नाही.

त्याहून नाजूक गोष्ट : काउचडीबीत वाचण्याची परवानगी डेटाबेसनुसार असते, डॉक्युमेंटनुसार नाही. टॅबलेट जुळला की त्या डेटाबेसमधलं सगळं त्यात येतं. म्हणून मजुरी आणि भरपाईच्या रकमा मागांच्या डेटाबेसमध्ये ठेवलेल्याच नाहीत, वेगळ्या आणि फक्त पेढीवर. खांबाजवळचा टॅबलेट उद्या हरवला तर त्यात मागांच्या वेळा सापडतील, कुणाचा पगार नाही.

विणकरांशी बोलले. त्यांची भीती साधी होती, की यातून कोण ढिला ते मोजणार का? मालकांसमोर ठरलं की थांबण्याचं कारण जॉबर लिहील आणि विणकर तिथंच पडद्यावर बघेल. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांसाठी कारणांपुढं चित्रं लावली : बीम, कांडी, वीज. हे काम कुठल्याच तुलनेत नव्हतं, आणि त्याला दोन दिवस लागले.

३ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल दिला. नऊ पानं. हालचालींसाठी काउचडीबी आणि पाउचडीबी, बिलं, खाती आणि मालाच्या यादीसाठी पोस्टग्रेसक्यूएल. मालकांचा एकच प्रश्न, "पाच वर्षांनी तुम्ही नसाल, तेव्हा?" त्यांच्यासमोर दोन्हीतला सगळा मजकूर पेनड्राइव्हवर काढून साध्या एडिटरमध्ये उघडून दाखवला. माग १४ ची नोंद त्यांनी स्वतः शोधली आणि वाचली. रोज रात्री अशी प्रत निघेल, आणि महिन्यातून एकदा सिस्टिम बघणारा मुलगा ती कोऱ्या मशीनवर परत भरून बघेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

१२ मागांवर पाचवी रात्र. यावेळी मीच जॉबरना म्हटलं, महिनाभर वहीही लिहा. सकाळी आम्ही दोघं शेजारी बसून जुळवतो. ते वहीतलं वाचतात, मी पडद्यावर टिपते.

आज वहीत ४७, टॅबलेटमध्ये ४८. जास्तीची कुठली ते शोधलं : माग २२, पहाटे ३.२५, धागा तुटला, सहा मिनिटं. जॉबर आठवत बसले, मग मागाच्या विणकरालाच हाक मारली. तो म्हणाला, हो, उभा होता की, तुम्ही तेव्हा सात नंबरवर होता, मीच चित्र दाबलं.

जॉबरनी वही पुढं ओढली, मनगटानं तूस झटकलं, आणि ३.२५ ची ओळ पानाच्या तळाशी लिहिली. मधे घुसडली नाही. बाजूला लिहिलं, "नंतर कळली".

उरलेलं काम : २४ मागांसाठी टॅबलेट, खांबांवर धूळ न जाणाऱ्या पेट्या, आणि विणकरानं स्वतः केलेल्या नोंदीला वेगळी खूण.